चाकातली हवा

मुलाचा कालचा शर्ट धुवायला घेतला तर खिशात सायकलच्या चाकाचा व्हॉल्व्ह निघाला. तळपायाची आग मस्तकात गेली. माझी सून दवाखान्यात नर्स. हल्ली रोज सकाळी तिच्या सायकलची हवा गेलेली आणि तिला उशीर. काल मोठ्या नर्सबाईंनी बजावलं, पुन्हा उशीर झाला तर घरीच बसा. बिचारी रस्त्यातल्या खिळ्यांना शिव्या घालत होती. खिळा तर माझ्याच पोटी जन्मलेला. व्हॉल्व्ह त्याच्या चहाच्या बशीत ठेवला. तो चाचरला, “दारात मोटार असताना ती सायकलवरून जाते, आई. शोभतं का आपल्याला?” “मोटार तुझ्या सोयीनं निघते, साहेब. ऊठ, हा बसव आणि हवा भर.” इस्त्रीच्या कपड्यांत तो भर अंगणात पंप मारू लागला. शेजारच्या खिडक्या उघडल्या. “सगळे बघतायत, आई,” तो पुटपुटला. मी दारात खुर्ची टाकली. “बघू देत. हात थांबवू नकोस.”