पाच ते सहा

“रोज पाच ते सहा रिकामं का आहे?”

‘जुळ्यांची आई’ या नावानं लिहिणाऱ्या बाईचा प्रश्न मोबाइलवर आला तेव्हा ती भाताचा घास गिळत होती. भात आणि उकडलेला बटाटा. बाकीचं एकेक करून सोडलं होतं. आधी दूध, मग अंडी, मग शेंगदाणे, मग गहू. अंगावरच्या दुधातून लेकीला काहीतरी बाधत असेल, म्हणून. तरी साडेचार महिन्यांच्या त्या पोरीच्या डाव्या गालावर लाल चट्टा उठायचाच. सकाळपर्यंत फिका पडायचा आणि संध्याकाळी पुन्हा हजर, नोकरीला लागल्यासारखा. सात आठवडे झाले, त्यानं एक सुट्टी घेतली नव्हती.

डॉक्टरांनी दोनदा तपासून मलम दिलं होतं. नवरा म्हणायचा, होईल बरं. मग ती ऑनलाइन ‘आयांच्या कट्ट्या’वर गेली. तिथं तिनं कुणाचा चेहरा पाहिला नव्हता, पण तिथल्या बायका प्रश्न विचारत. साबण कोणता? अभ्रे कशात धुता? खाजकुमारी नावाच्या बाईनं तर तिला रोजची वही लिहायला लावली.

“तू त्या बायकांचं ऐकतेस, माझं नाही,” नवरा म्हणाला होता.

“त्या विचारतात. तू नुसता धीर देतोस.”

वहीत सगळं होतं. वेळ, काय खाल्लं, काय लावलं, झबलं कोणतं, दुपट्याचा रंगसुद्धा. घरातलं काही तिच्या नजरेतून सुटत नसे, आणि याचा तिला जरा अभिमानही होता. आज तिनं पानांचे फोटो कट्ट्यावर टाकले होते. खाली लिहिलं होतं, सोमवारपासून अंगावर पाजणं बंद करते आहे. ते एक वाक्य चार वेळा खोडून पाचव्यांदा पाठवलं होतं.

तिनं उत्तर लिहिलं, “तेव्हा मी झोपते. ती आजोबांकडे असते. दिवसातला तेवढाच तास मला काळजी नसते.”

“चट्टा रोज सातला लिहिलाय,” जुळ्यांची आई म्हणाली. “पाजणं थांबवायच्या आधी तो तास एकदा बघा ना.”

तिला रागच आला. सासऱ्यांची चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करण्यात गेली होती. नातीला उचलतानाही ते श्वास रोखून धरत, जणू एखादा बारीक स्क्रू निसटेल. सासूबाई गेल्यापासून घरात त्यांचा आवाज यायचा तो याच तासात. त्यांच्यावर पाळत ठेवायची? पण सोमवार तीन दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी पाचला तिनं लेकीला त्यांच्याकडे दिलं, खोलीत जाऊन आडवी झाली, शंभर आकडे मोजले आणि पाय न वाजवता बाहेर आली.

बाथरूमचं दार उघडं होतं. दाराशी बाळाच्या कलत्या खुर्चीत लेक, मोठ्या गंभीरपणे आजोबांकडे बघत. आजोबा दाढी करत होते. एकदा सुलटी, एकदा उलटी. मग तोंड पुसलं, हिरव्या बाटलीतलं लोशन तळहातावर घेऊन दोन्ही गालांवर थापलं. पोरीला डाव्या खांद्यावर घेतलं. तिचा गाल त्यांच्या गालाला चिकटला. ते काहीतरी गुणगुणायला लागले.

“बाबा, संध्याकाळीसुद्धा दाढी?”

ते दचकले. “अगं, सकाळची पाचपर्यंत खरखरीत होते. तूच म्हणालीस ना, टोचते तिला.”

ती म्हणाली होती. एकदाच. दुपटी पिळता पिळता, मान न वळवता.

“आणि हे लोशन?”

“तेव्हापासूनच. चांगल्यातलं आहे. कातडी मऊ राहते म्हणाला दुकानदार.”

तिनं जवळ जाऊन लेकीच्या गालावर बोट फिरवलं. गाल ओलसर होता. बोटाला लोशनचा झणझणीत वास आला. तिनं ते बोट त्यांच्यापुढे धरलं. घड्याळवाल्याला अजून काय समजावायचं? त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी पोरीला दोन्ही हातांनी पुढे केलं, गिऱ्हाइकाचं घड्याळ आपल्याच हातून बिघडल्यासारखं.

“घे. मी नाही उचलणार आता.”

तिला त्या एका क्षणात सगळं खावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. यातलं काहीच न करता तिनं लेकीला घेतलं आणि ओल्या फडक्यानं तिचा गाल पुसला.

“तुमचं तोंड धुण्यापुरती घेते, बाबा. साध्या पाण्यानं धुऊन या. माझी झोप राहिलीय अजून.”

त्यांनी तीनदा तोंड धुतलं. टॉवेल खांद्यावर टाकून, ओल्या चेहऱ्यानं, हात पुढे करू की नको अशा पेचात ते दारात उभे राहिले. खिडकीतून उजेड थेट त्यांच्या तोंडावर येत होता. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. लग्नाच्या फोटोत, दुकानातल्या फोटोत, दर फोटोत त्यांच्या आधी दिसायची ती जाडजूड मिशी जागेवर नव्हती.

“बाबा, तुमची मिशी?”

“ती तर सगळ्यात आधी काढली. तीच जास्त टोचायची.” त्यांनी नातीला अलगद स्वतःकडे घेतलं. “सात आठवडे झाले की. मला वाटलं, तुझ्या वहीत असेल.”