नावात बोडी

"गेले सारे मेसेज?" वीरेंद्रनं दारातूनच विचारलं.

"गेले."

रितानं खुर्ची मागं सरकवली. भंडाऱ्यातल्या त्या पूर-मदत गटात संगणकाचं काम तिच्याकडे. पडद्यावर रस्त्यांचं जाळं. जाळ्यात ठिपके. एक ठिपका म्हणजे एक जागा. गाव, देऊळ, तळं, काहीही. त्यांतल्या कोणत्या ठिपक्यांना 'गाव सोडा' हा मेसेज जाणार, ते तिचा कोड ठरवायचा.

निवडा: वैनगंगेच्या जवळचे.
त्यातून निवडा: एकाच रस्त्यानं जोडलेले.
वगळा: ज्यांच्या नावात 'बोडी'.

तिसरी ओळ खास तिची. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. तळ्याला कशाला हवा मेसेज?

"पुण्याच्या एखाद्या पोट्ट्याले हे सुचलंच नसतं," वीरेंद्र म्हणाला होता. तेव्हा ती खुलली होती.

नदीकाठच्या कारध्याकडून फोटो येऊ लागले. भरलेले ट्रॅक्टर, डोक्यावर गाठोडी. गावं हलत होती. तेवढ्यात फोन वाजला. आई.

"जेवली का वं?"

"आई, तू निघाली ना?"

"मी कायले निघू?"

"मेसेज नाही आला?"

"नाही. गावात कोणालेच नाही."

रितानं नकाशावर माहेर शोधलं. नदीचं वळण होतं, रस्ता होता. रस्त्याच्या टोकाला काहीच नव्हतं. आपल्या गावाचं नाव ती कधी घ्यायचीच नाही. 'गावाले जातो' म्हटलं की झालं. आता टाईप करायला गेली.

मोह

बो

डी

बोटं तिथंच राहिली.

"काय झालं?" वीरेंद्र पुढं आला. तिनं पडद्याकडे बोट दाखवलं. त्यानं वाचलं, आणि तो डोंगेवाल्याला फोन लावत बाहेर धावला.

"आई, ऐक. साऱ्यायले घे अन् आत्ताच्या आत्ता निघ."

"आता कुठून निघतं? रस्ता आत्ताच बुडाला ना." मागं बाया ओरडत होत्या, गुरं हंबरत होती. आईचा आवाज मात्र शांत. "मंघा निघालेच होते सारे. गुरं सोडली, ट्रॅक्टर भरला. मीच आडवी आली."

"काहून?"

"म्हटलं, कायले पळता? माही रिता बसली हाय तिथं. धोका असता तं पहिला मेसेज आपल्यालेच आला असता."