चौघांची गाडी

शोरूममधल्या छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर तिघं काही केल्या मावेनात. थोरली खिडकीला चिकटली. धाकट्याने गुडघे पार हनुवटीशी घेतले. दोघांच्या मध्ये त्यांची आई अंग चोरून, श्वास रोखून बसली. नवरा मात्र पुढे स्टिअरिंगमागे खुशीत होता. त्याला ही गाडी बघताक्षणीच आवडली होती.

"आई, तुझं कोपर लागतंय," धाकटा कुरकुरला.

"मग काय काढून ठेवू?" ती म्हणाली.

छोटी गाडी हवी होती ती तिच्या नवऱ्याला, आणि हौस म्हणून नव्हे. डोंगरमाथ्यावरचे मोबाइल टॉवर दुरुस्त करणं हे त्याचं काम. वर जाणारी वाट दगडधोंड्यांची, आणि माथ्याच्या जरा खाली एक वळण असं, की एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी. छोटी गाडी तिथून एका दमात वळली असती. मोठीला मागेपुढे करावं लागलं असतं, मागचं चाक दरीच्या काठावर ठेवून. त्या वळणाची तिने कायमची धास्ती घेतली होती. तो खाली उतरून फोन करेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

मोठी गाडी शेजारीच उभी होती. छोटीपेक्षा हातभर लांब, वीतभर रुंद. चढायला पायरी, आणि मागची सीट म्हणजे चक्क दिवाण. तिघं तिच्यात ऐसपैस बसली. धाकट्याने तर पाय पसरून डोळेच मिटले. छोटीला मागे दारंच नव्हती. पुढची सीट वाकवायची आणि कंबर मोडून आत शिरायचं. आईच्या दुखऱ्या गुडघ्यांना ते कसं झेपणार?

"हीच घ्या, बाबा," थोरली म्हणाली.

नवऱ्याचा चेहरा उतरला. पण तो हटवादी माणूस नव्हता. "मोठीच घेऊ," तो म्हणाला. "तुझ्या आईला नीट बसता आलं पाहिजे. वळणाचं काय, सवय होईल."

हे बोलतानाही त्याचा हात छोट्या गाडीच्या बॉनेटवर होता. तिला ते दिसलं.

गाड्या दाखवणारी मुलगी मघापासून गोंधळून बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"एक विचारू का, काका? तुम्ही माणसं चार. या छोट्या गाडीत सीट चार. मग मावत नाही म्हणजे काय?"

चौघांनीही एकदमच ड्रायव्हरशेजारच्या सीटकडे पाहिलं. तिच्यावर कोणी बसलंच नव्हतं. बसता येतं, हेही कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

ती आबांची जागा. आबा म्हणजे नवऱ्याचे वडील. त्यांची हयात रस्ते बांधण्यात गेली, त्यामुळे गाडी कोणाचीही असो, रस्ता आपलाच, अशा थाटात ते पुढे बसत. ब्रेक मुलाच्या पायाखाली असे, पण दाबायचा केव्हा ते आबा ठरवत. सून लग्न होऊन आली ती मागच्या सीटवर. मुलं झाली तीही मागेच वाढली. आबा गेले तेव्हा धाकटा पाटीवर रेघोट्या ओढत होता. आता त्याला मिसरूड फुटलं होतं, तरी ती जागा रिकामीच. मनाई कोणीच केली नव्हती. पहिल्या दिवशी तिथे बसायला कोणाचं मन धजावलं नाही, आणि पुढे घराचा तोच रिवाज होऊन बसला. जुनी गाडी भंगारात गेली, तरी ही माणसं नव्याकोऱ्या गाडीत त्या सीटला वळसा घालून मागेच शिरत होती. खरं तर हसण्यासारखीच गोष्ट. पण त्या मुलीला हसू आलं नाही.

"तिथे आमचे वडील बसायचे," नवरा खाली बघत म्हणाला. "असू दे. मोठीचंच काय ते बोलू."

"थांबा," बायको म्हणाली.

तिने छोट्या गाडीचं पुढचं दार उघडलं. थोरामोठ्यांपुढे बसताना थांबावं तशी ती क्षणभर थांबली. मग आत बसली आणि पर्स मांडीवर घेतली.

"आबांनी त्या वळणावर तुम्हाला मोठी गाडी घालू दिली असती?" तिने विचारलं.

नवऱ्याने नकारार्थी मान हलवली. मग तो वळसा घालून स्टिअरिंगमागे जाऊन बसला. मुलं मुकाट्याने मागे शिरली. दोघांना जागा छान पुरली. गाडी भरली, म्हणून ती मुलगी किल्ली देऊन बाहेरच राहिली.

आवारामागच्या मोकळ्या रस्त्यावर त्याने गाडी घेतली. तिने आधी समोर पाहिलं. इतका रुंद रस्ता तिने गाडीतून कधी पाहिला नव्हता. आजवर तिच्यासमोर असायची ती नवऱ्याची मान. त्या मानेवरचे केस कधी पिकायला लागले, हे त्याच्या आधी तिला कळलं होतं. मग ती त्याच्याकडे वळली आणि बघतच राहिली.

"काय झालं? सीट टोचतेय का?" त्याने विचारलं.

"सीट चांगली आहे," ती म्हणाली. "गाडी चालवताना तुम्ही हसता, हे मला माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं," तो म्हणाला.