पाल्याचा रस

"दाबून धर. बोलू नकोस," वैद्यबुवा म्हणाले आणि त्यांनी बायकोच्या दाढेच्या खड्ड्यावर रसात भिजवलेला नवा बोळा बसवला. आधीचा बोळा बशीत पडला होता. त्यात रसाचा हिरवा रंग औषधालाही उरला नव्हता.

दाढ सकाळीच काढली होती, चौकातल्या डॉक्टरीणबाईंनी. त्यांनी दाबून धरायला दिलेली पांढरी घडी घरात पाऊल टाकताच वैद्यबुवांनी काढून फेकली. अख्ख्या गल्लीच्या जखमा ज्यांनी दगडी पाल्याच्या रसावर बऱ्या केल्या, त्यांची बायको दुसऱ्याच्या कापसावर भरवसा ठेवून बसणार होय! आणि रस काही खोटा नव्हता. सुताराचं बोट असो की वस्तऱ्याने कापलेला गाल, कुंपणाकडेचा पाला खुडून, वाटून, फडक्यातून पिळून लावला की रक्त थांबायचं. गल्लीने हे डोळ्यांनी पाहिलं होतं.

आज मात्र थांबत नव्हतं.

का थांबत नव्हतं, ते दारात उभ्या असलेल्या सुनेला ठाऊक होतं. सासूबाई रक्त पातळ राहण्याची गोळी घेत होत्या. छातीत धडधडायचं, त्यावर हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली. वैद्यबुवा पाला खुडायला बाहेर पडले की सून गोळी आणि पाणी पुढे करायची आणि सासूबाई चोरासारख्या ती गिळून टाकायच्या. "ह्यांना कळू देऊ नकोस. फार लागेल त्यांना," असं म्हणून त्यांनी सुनेला शपथ घातली होती. निदान दातांच्या दवाखान्यात तरी त्या खरं सांगतील, असं घरीच थांबलेल्या त्या बिचारीला वाटलं होतं.

तिथे घडलं ते वेगळंच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही गोळ्या-औषधं चालू आहेत का?" सासूबाईंनी तोंड उघडलं, पण उत्तर वैद्यबुवांनी दिलं. "माझ्या घरात बाहेरची गोळी शिरत नाही," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसले. सासूबाईंनी तोंड मिटलं. ते मग "आ करा" म्हटल्यावरच उघडलं.

"थुंकायचं नाही हं. आलं तर गिळायचं," वैद्यबुवांनी बजावलं. थुंकलं की जखम पुन्हा वाहते, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. त्यांनी खलात आणखी मूठभर पाला टाकला, वाटला, वाटीत पिळला आणि बोळा बदलला. बशीतला बोळा बोटाने उलटापालटा करून पाहिला.

"बघ, फिकट आलाय. उतार पडला."

सून सासूबाईंच्या गळ्याकडे बघत होती. गळा सारखा हलत होता. बोळा लाल होण्याआधीच त्या सगळं गिळून टाकत होत्या. ओठ पांढरे पडले होते. तिने त्यांचा हात हातात घेतला, तो गार लागला.

"बाबा, दवाखान्यात नेऊ या."

"कशाला? वैद्याला स्वतःच्या बायकोची दाढ आवरेना, हे गावभर करायला?"

सासूबाईंनी सुनेकडे बघून मान हलवली. नको सांगूस. डोळ्यांत विनवणी होती. तिला त्या क्षणी सासऱ्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त सासूबाईंचा.

"बाबा, आई रक्त पातळ राहायची गोळी घेतात. रोज. मीच देते. हे नुसत्या तुमच्या रसानं थांबायचं नाही."

खलातला बत्ता थांबला.

सुनेने कुणाची वाट पाहिली नाही. दवाखान्यात फोन लावला. पलीकडून डॉक्टरीणबाई काय बोलल्या ते खोलीभर ऐकू गेलं, आणि त्यात गोड असं काहीच नव्हतं. आहेत तशा उचलून आणा, म्हणाल्या. मग तिने गाडी बोलावली. सासूबाईंच्या खांद्याखाली हात घालून त्यांना उभं केलं.

वैद्यबुवा जागचे हलले नाहीत. इतका वेळ पाठ कशी ताठ होती. आता ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

"पण तिची छातीतली धडधड तर माझ्या काढ्यानं गेली होती," ते म्हणाले. सुनेला नाही, बायकोला नाही. असंच, पुढ्यातल्या पाल्याकडे बघत. "मी चार लोकांना सांगितलं होतं."

बाहेर गाडी येऊन थांबली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला.

सासूबाई दारातच अडल्या. दोन बोटं तोंडात घालून त्यांनी बोळा बाहेर काढला. रक्ताची धार हनुवटीवरून गळ्यापर्यंत गेली.

"काढ्यानंच गेली हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. शब्द नीट उमटत नव्हते, तरी त्यांनी वाक्य पुरं केलं. "गोळ्या काय, हिचं मन राखायला घेत होते मी."

सुनेने बोलायला तोंड उघडलं. पण सासूबाईंचा सगळा भार तिच्या हातावर आला होता. तिने त्यांना कमरेभोवती आवळून धरलं.

वैद्यबुवांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. ते उठले, चपला घातल्या, पाल्याच्या रसाची वाटी उचलली.

"ऐकलंस?" ते सुनेला म्हणाले.

आणि वाटी दोन्ही हातांत धरून, एक थेंबही सांडणार नाही अशा बेताने, ते पुढे गाडीकडे चालू लागले. मागून सून सासूबाईंना जवळजवळ उचलून आणत होती.