हातभर दोरी

किमी ३

दोरी किंचित मागे खेचली गेली.

"पुढे गतिरोधक," ती म्हणाली, आणि दोघांचे पाय एकदमच उचलले गेले.

हातभर दोरी. एक टोक त्याच्या डाव्या मनगटाला, दुसरं तिच्या उजव्याला. तो जन्मांध. ती त्याची बायको, आणि शर्यतीच्या कागदोपत्री त्याची मार्गदर्शक. दोघांची ही पाचवी मॅरेथॉन. सहा तासांच्या आत पोचले, तर देणगीदार त्यांच्या छापखान्याला नवं ब्रेल यंत्र घेऊन देणार होते. जुनं केव्हाचं बंद पडलं होतं, आणि अंधशाळेतली मुलं झिजून सपाट झालेल्या पानांवर बोटं घासत बसली होती.

किमी ८

वळणावर मुलगी शिट्टी फुंकत होती. ही टूम त्याचीच. घरच्यांना त्याने जागा वाटून दिल्या होत्या: आठव्याला मुलगी, एकविसाव्याला धाकटा भाऊ, चौतिसाव्याला सासूबाई. उभं राहायचं ते वळणावरच, आणि घसा फोडायचा.

"हात हलवलेले मला काय कामाचे?"

दादाला शर्यत नाही, मिरवणूक हवीये, असं म्हणून भाऊ पोट धरून हसला होता.

दोरी सैल पडली.

"डावीकडे वळतोय," ती म्हणाली.

किमी १५

छापखान्यात ती मूळ प्रत मोठ्याने वाचायची, तो ब्रेलवरून बोट फिरवत चुका पकडायचा. वीस वर्षं हेच. पहिलीचं पुस्तक तर तिला तोंडपाठ होतं.

मागच्या हिवाळ्यात त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती आली. तिने वाचलं, "विहिरीला पाणी आहे." त्याच्या बोटाखाली होतं, 'नळाला पाणी आहे.' तो थांबला. पुन्हा बोट फिरवलं.

"काय झालं?"

"काही नाही. बोट घसरलं."

"म्हातारे झालात, मुद्रितशोधक."

त्यानंतर तो दर रविवारी भावाला घेऊन शर्यतीचा रस्ता पायाखाली घालू लागला. खड्डे, चढ, वळणं, दोन वळणांमधली पावलं. वहिनीला सांगायचं नाही, एवढीच अट. दादाचा धीर सुटत चाललाय, असं भावाला वाटलं. तरी तो बरोबर चालत राहिला.

किमी २१

भावाने दोघांपुढे पाण्याचे पेले धरले. तिचा रस्त्यावर पडला.

"वहिनी, पेला धरायचा असतो."

"घामाने हातातून निसटला," ती म्हणाली. भावाने दुसरा पेला तिच्या मुठीत कोंबला.

किमी २९

गर्दी विरळ झाली. श्वास, बूट, श्वास.

ती रडत होती. आवाज न करता, पण वीस वर्षं जिचा आवाज ऐकत पोट भरलं, तिचं आवाज न करणंही त्याला ऐकू यायचं.

"पाय दुखतोय?"

"हो."

पाय दुखला की ती शिव्या द्यायची.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "पुढच्या वर्षी तुमच्याबरोबर दुसरं कुणीतरी बघू या. माझ्याच्याने नाही व्हायचं."

"बघू."

"आजचं तेवढं पार पडू दे."

"पडेल."

किमी ०

(हे आधी सांगायला हवं होतं.)

नावनोंदणीच्या टेबलावर कारकुनाने नियम वाचून दाखवला: मार्गदर्शक डोळस असावा, अन्यथा जोडी बाद. खाली सही करा. तिचं पेन आधी लाकडावर खरखरलं, मग कागदावर.

"टेबल डुगडुगतंय तुमचं," ती कारकुनाला म्हणाली.

त्याने टेबलावर तळहात टेकवला. टेबल घट्ट उभं होतं.

"हो," तो म्हणाला. "डुगडुगतंय."

किमी ३४

सासूबाई लेकीच्या नावाने हाका मारत होत्या. त्यांचा घसा बसला होता, तरी थांबत नव्हत्या. दोरी उजवीकडे ताणली गेली.

"उजवीकडे," ती म्हणाली. एवढंच. तिचा दम संपला होता.

किमी ४२ आणि थोडं

पायाखाली रबरी पट्टी लागली, यंत्राने टुक् केलं. सहा तासांना नऊ मिनिटं कमी. ध्वनिक्षेपकावरून कुणीतरी छापखान्याचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या. ती त्याच्या गळ्यात पडली आणि आता मोकळेपणाने रडली. लोकांना ते आनंदाचं वाटलं असावं.

"ताई, एक फोटो," कुणी म्हणालं. "इकडे बघा. हा काय, मी हात हलवतोय."

ती जागची हलली नाही.

"ताई, इकडे."

तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"कुठून बोलतोय हो तो?"

"उजवीकडून," तो म्हणाला, आणि पहाटेपासून प्रत्येक वळणावर करत आला होता तसंच, दोरी हलकेच ओढून त्याने तिला वळवलं.