दोनच टोचे

दुसरी सुईही वाया गेली. शालनने ती काढली, अद्वयच्या इवल्याशा मनगटावर कापूस दाबून धरला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सकाळचे पावणेअकरा. आठ महिन्यांचं पोर, दोन दिवस उलट्या-जुलाब, टाळू आत गेलेली. रडायला तोंड उघडत होतं, पण डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. लगेच सलाईन लावा एवढं सांगून डॉक्टर शेजारच्या खोलीत झटके येणाऱ्या एका मुलीपाशी अडकले होते.

अद्वयची आई अमृता खाटेच्या पायथ्याशी ओढणीचं टोक दातांत धरून उभी होती. टिटवाळ्याहून ती मुद्दाम इथे कल्याणला आली होती आणि आल्या आल्या तिने बजावलं होतं, सुई शालन सिस्टरच लावतील. तिच्या नणंदेच्या मुलाला शालनने एका टोच्यात सलाईन लावलेलं, ते त्यांच्या घरात अजून सांगतात. आणि ते काही उगाच नव्हतं. लहान मुलांच्या या वॉर्डात एकतीस वर्षं काढलेली बाई. नस दिसेना की डॉक्टरसुद्धा आधी तिलाच हाक मारायचे.

पण या वॉर्डाचा एक नियम होता. एका सिस्टरचे दोनच टोचे. दोन्ही चुकले की बाजूला व्हायचं, मग तुम्ही कोणीही असा. तिसऱ्यांदा माणूस नस शोधत नाही, स्वतःची अब्रू शोधतो, आणि भोगतं ते पोर. हे शालनच नव्या मुलींना दरडावून सांगायची. नियम तिनेच केलेला. एवढ्या वर्षांत तो तिच्या स्वतःच्या वाट्याला कधी आला नव्हता.

आज आला. आणि खोटं कशाला बोला, तिला तो चांगलाच झोंबला. बोटं म्हणत होती, अजून एकदा, या वेळी नक्की.

"करिश्मा," तिने हाक मारली. "इकडे ये. माझे दोन झाले."

करिश्मा आली. कोलशेतची मुलगी, नोकरीला लागून जेमतेम दीड वर्ष झालेलं. अमृताने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शालनचा हातच धरला.

"नको सिस्टर, तुम्हीच करा. ही लहान आहे. चुकलं तरी चालेल, पण तुम्हीच करा."

शालनला क्षणभर ते गोड लागलं. मग तिने हात सोडवून घेतला.

"मला चालेल, ताई. त्याला नाही चालणार. हिला मी शिकवलंय. तिला करू दे, मी पाय धरते."

पाय धरणं हे वॉर्डात सगळ्यात नव्या मुलीचं काम. शालन वाकली आणि तिने अद्वयचा पाय धरला.

करिश्माने घाई केली नाही. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं तिने आधी पावलाभोवती गुंडाळलं. मग घोट्याजवळ बोट ठेवलं आणि नजर वर, पंख्याकडे. नस डोळ्यांना नाही, बोटाला सापडते, म्हणून शालनही अशीच दुसरीकडे बघते. जागा पुसून, हातमोजे चढवून करिश्मा बाळाशी बोलली. मुंगी चावेल, काही नाही होणार, असलं खोटं या वॉर्डात मुलांशी कोणी बोलत नाही.

"अद्वय, आता दुखणार हां. थोडंच. मी आहे इथे."

आठ महिन्यांच्या पोराला त्यातलं काय कळणार! पण शालनला कळलं. शब्द तिचेच होते, सूरही तिचाच.

सुई आत गेली. नळीच्या तोंडाशी लाल थेंब दिसला. करिश्माने चिकटपट्टी लावेपर्यंत शालनने पाय जराही हलू दिला नाही. मग सलाईन पडायला लागलं आणि शालनचा ऊर असा भरून आला की तिचं तिलाच नवल वाटलं. स्वतःची सुई लागायची तेव्हा तिला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

दुपारी अद्वयने लंगोट ओला केला. वॉर्डात या बातमीवर पेढे वाटायचेच तेवढे बाकी राहतात. संध्याकाळी तो खणखणीत रडला, खऱ्याखुऱ्या आसवांनी. त्याला मांडीवर घेऊन अमृता फोनवर नणंदेशी बोलत होती.

"अगं, शालन सिस्टर नाही. करिश्मा सिस्टर म्हणून आहेत इथे. एका टोच्यात! कोणाला आणायचं झालं ना, तर त्यांचंच नाव सांग."

शालन शेजारच्या खाटेची चादर बदलत होती. ती थांबली.

"आडनावासकट सांगा, ताई," ती म्हणाली. "करिश्मा भोईर. आमच्याकडे अजून एक करिश्मा आहे, उगाच तिचं नाव व्हायचं."