तिसरी हाक

चाकवाल्या मामांनी पाणी सोडायच्या दरवाजाच्या लोखंडी चाकावर हात ठेवला, पण चाक फिरवलं नाही. बारा वाजायला पाच मिनिटं होती.

वरच्या सज्ज्यावर चार बसची माणसं कठड्याला चिकटून उभी होती. गाईड घसा ताणून सांगत होता, की हा धबधबा देवाने नाही, माणसांनी केलाय. दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर फोडून नदी इकडे वळवली आणि या कड्यावरून सोडली. माणसांनी केलाय म्हटल्यावर काहींचे चेहरे पडले. बाकीचे मोबाइल सरसावून तयार होते. समोर मात्र नुसता काळा, कोरडा कडा.

पाणी कालपासून बंद होतं. खालच्या डोहात गावातल्या शिंप्याची मुलगी पडली होती. लग्नाला जेमतेम चार महिने झालेली. फोटो काढताना दोन पावलं मागे सरकली, एवढंच. आज सकाळी पाणबुड्यांना तळाच्या कपारीत एक निळी बाही हाताला लागली आणि नेमकी तेव्हाच त्यांच्या टाक्यांतली हवा संपत आली. "निळीच. मीच शिवलीय," शिंपी म्हणाला होता. पाणबुडे टाक्या भरून आणायला गेले होते, ते दोनपर्यंत येणार होते.

"साहेब, दोन तासांचा तर प्रश्न आहे," मामा म्हणाले. "पाणी सोडलं की डोह ढवळून निघतो. तळातलं सगळं डोहाच्या बोगद्यातून थेट नदीत. मग कुठे शोधायची तिला?"

"मामा, कालपासून लोक शिव्या देत परत जाताहेत. वरून मला फोनवर फोन." मॅनेजर माणूस वाईट नव्हता. काल शिंप्याला त्यानेच आपल्या खुर्चीत बसवून पाणी पाजलं होतं. "बारा म्हणजे बारा. सोडा."

चाक फिरवण्याआधी डोहाकडे वाकून तीनदा हाक द्यायची, आणि खालून उत्तर आलं नाही तरच दरवाजा उघडायचा, हा तिथला जुना नियम. मामांच्या आधी त्यांचे वडील तेच करत आले. मामांच्या एकतीस वर्षांत खालून कधी चकार शब्द आला नव्हता.

मामा वाकले. "खाली कोणी आहे का?"

"आहे!"

काठावरच्या दगडावर शिंपी उभा होता. मामांच्या अंगावर सर्रकन काटा आला. सज्ज्यावर कोणीतरी खो खो हसलं. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला असावा.

"खाली कोणी आहे का?"

"आहे! माझी मुलगी आहे!"

मामा वळले. "साहेब, उत्तर आलं."

"तो नियम जिवंत माणसासाठी आहे, मामा."

"असं कुठे लिहिलंय?"

आजारी माणसाचा उचलावा तसा मॅनेजरने मामांचा हात चाकावरून हळूच उचलून बाजूला केला आणि स्वतः चाकाला भिडला. सवय नसल्यामुळे त्याचं तोंड लालबुंद झालं. मामांना आडवं जाता आलं असतं. पाय जागचे हलले नाहीत, आणि त्याची त्यांना तिथल्या तिथे लाज वाटली.

आधी कड्यावरून एक ओघळ उतरला, मग सगळं पाणी एकदम आलं. सज्ज्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला.

तिसरी हाक राहिली होती. मामा जेवढं वाकता येईल तेवढं वाकले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "खाली कोणी आहे का?"

शिंपी काठाकाठाने, ठेचकाळत, बोगद्याच्या तोंडाकडे धावत सुटला होता. खालून कोणी उत्तर दिलं नाही.